बुजऱ्या पिल्लाला माणसाची सवय लागताना

यंदाच्या श्रावणात आमच्या घरी करड्या पट्ट्यांचे मांजरीचे एक पिल्लू आले, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या चालण्या-बोलण्याचा वेग थोडा कमी झाला आहे. पुण्यात नदीच्या बाजूला असलेल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका जुन्या स्कूटरच्या आडोशाला ते राहत होते. त्याची आई दिसेनाशी झाल्यावर वॉचमनने त्याला खाऊ घातले, आणि पाऊस वाढला तेव्हा माझ्या आठवीतल्या मुलीने त्याला घरात घेण्याचा हट्ट धरला. पशुवैद्यांनी दात पाहिले, वजन केले, ते नऊशे ग्रॅमच्या आसपास भरले, आणि डोळ्यांतला जन्माचा निळा रंग ओसरून तिथे हिरवट छटा आलेली पाहून पिल्लाचे वय आठ ते नऊ आठवडे असावे असे त्यांनी सांगितले. पिल्लू मादी होते. मुलीने तिचे नाव कणी ठेवले.

कणी माणसाला फार घाबरत असे. कोणी खोलीत आले की ती अंग चोरून भिंतीला चिकटे, कान मागे दाबून घेई, आणि हात थोडा जरी पुढे झाला तरी फिसकारे. मुलीला मात्र मांडीवर झोपणारे, मागे मागे फिरणारे मांजर हवे होते. ही दोन टोके जवळ आणण्यासाठी आम्ही जे केले ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ओळखीतल्या दोन-तीन घरांत सध्या अशीच बुजरी पिल्ले आली आहेत आणि तिथे जे सल्ले दिले जात आहेत त्यांतले बरेचसे पिल्लाच्या हिताचे नाहीत.

पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा सर्वांत सोपा काळ फार लवकर येतो आणि फार लवकर संपतो. एलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या काळात ज्या पिल्लांना माणसांनी रोज हाताळले ती पुढे माणसाकडे अधिक सहज येतात, आणि ज्यांना हा सहवास उशिरा मिळाला ती बिचकत राहण्याची शक्यता जास्त असते. स्वभावाचा काही भाग रक्तातूनही येतो. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसाळलेल्या बोक्याची पिल्ले, बापाची कधी भेटही झालेली नसताना, इतर पिल्लांपेक्षा धीट निघाली होती. कणीचे ते महत्त्वाचे आठवडे गाड्यांच्या चाकांमध्ये गेले आणि तिचा बाप कसा होता हे कोणाला माहीत नाही. तेव्हा तिचे फिसकारणे हा हट्ट नव्हता आणि कृतघ्नपणा तर नव्हताच. तो काळ उलटला म्हणजे सारे संपले असेही नाही. फक्त वेळ जास्त लागतो.

आम्हांला सर्वांत जास्त वेळा मिळालेला सल्ला असा होता की पिल्लाला दिवसभर मांडीवर धरून ठेवावे, म्हणजे ते आपोआप माणसाळते. हा सल्ला देणारी माणसे प्रेमळ आहेत, आणि त्यांनी तसे करून पाहिलेले असते. पिल्लू थोडा वेळ धडपडते आणि मग निपचित पडून राहते, त्यामुळे ते शांत झाले असे त्यांना वाटते. मांजर हा लहान प्राणी आहे. ते स्वतः शिकार करते आणि त्याच वेळी मोठ्या प्राण्यांची शिकारही होऊ शकते, म्हणून सुटण्याचा मार्ग उरला नाही की ते गोठल्यासारखे स्थिर होते. अशा पिल्लाच्या डोळ्यांकडे नीट पाहावे: बाहुल्या पसरून काळ्याभोर झालेल्या असतात, श्वास उथळ आणि जलद असतो, शेपटी अंगाला घट्ट लपेटलेली असते. कधी ते घुरघुरतेही, कारण मांजर भीतीत आणि वेदनेतही घुरघुरते. हे सारे घडत असताना पिल्लू जे शिकते ते इतकेच की माणसाच्या हातात सापडले तर सुटका नाही, आणि पुढच्या वेळी ते आणखी लवकर पळते.

म्हणून आम्ही ठरवले की जवळ येण्याचा आणि दूर जाण्याचा अधिकार पूर्णपणे कणीकडे राहील, आणि घरातल्या माणसांनी फक्त एकच काम करायचे: तिला आमचा अंदाज येईल असे वागायचे. बाकी सगळे याच एका निश्चयातून निघाले.

पहिल्यांदा तिला सगळे घर दिले नाही. मुलीच्या अभ्यासाची छोटी खोली तिला दिली, कारण अनोळखी आणि मोठ्या जागेत भित्रे पिल्लू लपण्यातच सारी शक्ती घालवते. खोलीतल्या दिवाणाखालची पोकळी गाद्यांच्या वळकट्या लावून बंद केली, कारण तिथे ती हाताच्या आणि नजरेच्या पलीकडे गेली असती. त्याऐवजी पुठ्ठ्याचे एक खोके आडवे ठेवून त्याला दोन्ही बाजूंना तोंडे कापली, म्हणजे एका बाजूने कोणी आले तर दुसरी बाजू मोकळी राहते. लपू दिले तर पिल्लू कायमचे लपूनच राहील, अशी शंका माझ्या यजमानांना होती. प्रत्यक्षात उलट घडते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर हे तपासले होते. ज्यांना लपायला खोके मिळाले त्यांचा ताण खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा लवकर उतरला. लपण्याची जागा पक्की असली की बाहेर पडण्याचे धाडस येते. खोक्यातून कणीला ओढून काढायचे नाही, हा नियम पाहुण्यांनाही लागू होता.

खोक्यात अंथरायला काय घ्यावे याचा विचार माझ्या आईने केला. मांजराचे जग मोठ्या प्रमाणावर वासांचे असते आणि नवीन कपड्याला दुकानाचा, रंगाचा, डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. आईने आपल्या जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली गोधडी काढली, ती काही रात्री मुलीला पांघरायला दिली आणि मग न धुता खोक्यात घातली. मुलीचा वास कणीच्या झोपेच्या जागेत असा शिरला की त्याच्यासोबत कुठलाही हात आला नाही. त्याच काळात फरशी पुसायचे फिनेल मी बंद केले. त्याचा वास मांजराला असह्य होतो हे तर खरेच, पण फिनेलसारख्या जंतुनाशकांतली फिनॉल वर्गातली द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणाऱ्या पिल्लाच्या पोटात ती जातात. आता फरशी साध्या पाण्याने पुसली जाते. उदबत्तीही देवघराच्या खिडकीशी लावतो, त्या खोलीपासून दूर.

खाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बुजऱ्या पिल्लाशी माणसाचे पहिले बोलणे खाण्यातूनच होते. आमच्या घरी श्रावण पाळला जातो आणि आईच्या स्वयंपाकघरात एरवीही मांसाहार शिजत नाही. मांजर मात्र मांसावरच जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य तिच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागते ते तिला प्राणिज अन्नातूनच मिळते. कणीसाठी गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळे पातेले ठेवावे असे मी सुचवले तेव्हा आई म्हणाली, “तिला कसला श्रावण? तिच्या पोटाला जे लागतं ते तिला मिळालं पाहिजे.” मग पिल्लांसाठीचे तयार खाणे हा मुख्य आहार ठरला आणि मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचे बारीक धागे हा खाऊ ठरला. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात, हे आपल्या घरांत सांगायलाच हवे, कारण रश्शातला तुकडा धुऊन देण्याची पद्धत सर्रास आहे. दूध पशुवैद्यांनी बंद करायला सांगितले. गाईम्हशीच्या दुधाने बहुतेक पिल्लांचे पोट बिघडते.

वाटी ठेवण्याची पद्धत अशी होती. दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी, मुलगी किंवा मी वाटी घेऊन जात असू, कणीचे नाव हलक्या आवाजात घेत असू, वाटी खोक्याच्या तोंडाशी ठेवत असू आणि दाराजवळ जाऊन बसत असू. भरलेली वाटी दिवसभर ठेवली नाही, कारण खाणे आपोआप मिळते असे पिल्लाला वाटले तर त्याचा माणसाशी संबंध लागत नाही. मात्र भुकेचा दबाव आणला नाही. इतके लहान पिल्लू दिवसभर उपाशी राहिले तर त्याची तब्येत ढासळते, म्हणून आम्ही बसलेलो असताना ती खात नसेल तर निघून जायचे आणि तिला एकटीला खाऊ द्यायचे, असे ठरले होते. ती आमच्यासमोर खाऊ लागल्यावर वाटी रोज थोडी थोडी आमच्याकडे सरकत गेली. ज्या दिवशी ती खाता खाता थबकून मान वर करी, त्या दिवशी वाटी पुन्हा मागे नेली जाई.

माझ्या मुलीसाठी सर्वांत कठीण गोष्ट बसून राहणे ही होती. ती जमिनीवर चटई टाकून, भिंतीला पाठ लावून, कणीकडे कुशी करून बसे आणि शाळेचा धडा मोठ्याने पण सावकाश वाचे. जमिनीवर बसण्याचा फायदा मोठा आहे. उभा माणूस पिल्लाच्या दृष्टीने अंगावर झुकलेला डोंगर असतो. तिने कणीकडे टक लावून पाहायचे नव्हते, कारण मांजरांच्या व्यवहारात रोखलेली नजर ही धमकी असते. नजरानजर झालीच तर डोळे हळूहळू अर्धे मिटायचे, क्षणभर तसेच ठेवायचे आणि मग दुसरीकडे पाहायचे. ससेक्स विद्यापीठातल्या टॅस्मिन हम्फ्री, कॅरेन मॅककोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे मोजून दाखवले: माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजरेही डोळे बारीक करून प्रतिसाद देतात, आणि अशा अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे, निर्विकार चेहऱ्याने बसलेल्या माणसाच्या तुलनेत, अधिक वेळा येतात. कणीने गोधडीतून पहिल्यांदा डोळे बारीक केले तेव्हा मुलगी वाचता वाचता थांबली नाही. तेरा वर्षांच्या मुलीकडे इतका संयम असतो हे मला त्या खोलीत दिसले.

तरीही कणी सर्वांत आधी गेली ती आईकडे. आई दुपारी त्या खोलीच्या उंबऱ्याशी पाट घेऊन मेथी किंवा गवार निवडत बसे, रोज त्याच वेळी, त्याच जागी, आणि तिचे सारे लक्ष भाजीत असे. तिच्या हालचाली बारीक आणि एकसारख्या असत आणि तिला कणीकडून काहीही नको होते. एका दुपारी कणी खोक्यातून निघाली, आईच्या लुगड्याचा काठ हुंगला आणि पाटाला गाल घासून परत गेली. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर गंधग्रंथी असतात आणि ज्या वस्तूला ते गाल घासते तिला ते आपल्या ओळखीच्या वासात सामील करून घेते. मुलीला थोडे वाईट वाटले. पण तिने आईचे निरीक्षण केले आणि त्यानंतर ती खरोखरच अभ्यास करू लागली, म्हणजे अभ्यासाच्या निमित्ताने कणीची वाट पाहणे तिने सोडून दिले. ज्या माणसाला मांजराला हात लावण्याची घाई असते त्याचे सारे अंग ती घाई बोलत असते, आणि पिल्लाला ते ऐकू येते.

खेळामुळे अंतर लवकर कमी झाले. खराट्याच्या लांब हिराला सुती चिंधी बांधून मुलगी ती जमिनीवरून सरपटवत नेई, खोक्याच्या आड लपवी, पुन्हा थोडीशी दाखवी. खेळणे लांब असल्यामुळे पिल्लू माणसाच्या जवळ न येता माणसाबरोबर खेळू शकते, आणि शिकारीत रमले की भीती विसरते. चिंधी पिल्लाच्या अंगावर नेऊ नये. खरा उंदीर मांजराच्या दिशेने धावत नाही. शेवटी तिला चिंधी पकडू द्यावी आणि लगेच खाऊ द्यावा, म्हणजे शिकार पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. बोटे हलवून खेळवणे आम्ही कटाक्षाने टाळले, कारण हात हे सावज आहे असे शिकलेले पिल्लू मोठेपणी नख्या काढते. खेळ संपला की चिंधी कपाटात ठेवायची, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकू शकतो.

हात लावण्याची वेळ त्यानंतर आली. मुलीने मूठ सैल ठेवून एक बोट कणीच्या नाकाच्या उंचीवर, थोडे अलीकडेच थांबवले. कणीने येऊन हुंगले आणि गाल टेकवला, तेव्हा तेवढ्याच जागी, गालावर आणि हनुवटीखाली, दोन-तीन वेळा बोट फिरवून हात मागे घेतला. थांबणे फार महत्त्वाचे आहे. हात थांबल्यावर पिल्लू पुढे आले तर त्याला आणखी हवे असते. ते जागच्या जागी राहिले किंवा मान वळवली तर तेवढेच पुरे. लंडनच्या बॅटरसी निवाऱ्यात नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये लोकांना नेमके हेच शिकवून पाहिले, की निवड मांजराला करू द्या, त्याच्या अंगाच्या खुणा पाहा, आणि हात कानांच्या बुडाशी, गालांवर, हनुवटीखाली ठेवा. तीच मांजरे त्यानंतर कमी चिडली आणि जास्त सलगीने वागली. पोट आणि शेपटीचे मूळ आम्ही अजूनही टाळतो. कणी आता पोट दाखवून लोळते, पण ते विश्वासाचे लक्षण आहे, हात लावण्याचे आमंत्रण असेलच असे नाही, हे शेजारच्या मुलांना समजावून सांगावे लागते.

आमच्या भागात आवाजांचा प्रश्न निराळा आहे. गणपतीच्या आधीचे कित्येक आठवडे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो आणि तो आमच्या खिडक्यांपर्यंत येतो. माणसाला साधारण वीस किलोहर्ट्झ इतक्या उंच पट्टीपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर मांजराला सुमारे पंच्याऐंशीपर्यंतचे. मोठा आवाज तर दोघांनाही लागतो, पण पळून जाता येत नसेल तर मांजराला तो फार लागतो. सरावाच्या वेळी खिडक्या बंद करून, पडदे ओढून, मुलगी कणीच्या खोलीत शांत बसून राही आणि चिकनचे धागे खोक्याशी ठेवी. दिवाळीची तयारी आम्ही आधीपासून केली: फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी बारीक लावायचा, तेवढ्यात खाऊ आणि खेळ द्यायचा, आणि ती सहज खात असेल तरच पुढे आवाज किंचित वाढवायचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती घाबरली नाही असे म्हणता येणार नाही, पण खोक्यात शिरल्यावर तिने मुलीच्या हातून खाल्ले, आणि भेदरलेले पिल्लू खात नाही. कुकरच्या शिट्टीची सवय मात्र आपोआप लागली.

तब्येतीची कामे या सगळ्याबरोबरच चालू ठेवावी लागतात आणि ती विश्वासाच्या नावाखाली पुढे ढकलू नयेत. जंताचे औषध, आठव्या आठवड्याच्या आसपास सुरू होणारी तिहेरी लस आणि तिचे पुढचे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस हे वेळेवर झाले. पिल्लाचे लसीकरण झाले असो वा नसो, बाहेरून आलेल्या पिल्लाने ओरखडले किंवा चावले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. तसेच जे पिल्लू खेळत-खात असताना अचानक पुन्हा लपू लागते, ते बुजरेपणामुळे लपते असे गृहीत धरू नये. आजारी मांजरही असेच लपते.

आता कणी सगळ्या घरात फिरते. मुलगी शाळेतून आली की ती शेपटी सरळ उभी करून दारापर्यंत जाते, जसे पिल्लू आपल्या आईला सामोरे जाते. मांडीवर ती क्वचितच बसते. तिला शेजारी, मांडीला पाठ लागेल इतक्या अंतरावर झोपायला आवडते, आणि मुलीने ते मान्य केले आहे. पाहुणे आले की ती अजूनही गोधडीत जाते, आणि पाहुण्यांना तिच्या खोलीत नेण्याची पद्धत आमच्याकडे नाही. पुढच्या महिन्यात तिची नसबंदी करायची आहे, म्हणून सध्या कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, दार काढून खोलीत ठेवले आहे आणि गोधडीचा एक तुकडा कापून त्यात घातला आहे. तिचे दुपारचे खाणे आता त्याच्या आत वाढले जाते. चारही पाय आत ठेवून ती निवांत खाऊ लागली की दार पुन्हा बसवायचे आणि काही दिवस ते उघडेच ठेवायचे, असे मुलीने ठरवले आहे.